‘पिशवी काढून टाका’पासून ‘तीन वर्षांनी या’पर्यंत

डिसेंबर २०२५ मध्ये माझ्या एचपीव्ही चाचणीचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या तपासणीचा) सलग तिसरा अहवाल निगेटिव्ह आला आणि डॉक्टरांनी फाइलवर ‘पुढील तपासणी तीन वर्षांनी’ असे लिहिले. हे प्रकरण मार्च २०२३ मध्ये सुरू झाले होते. त्या पहिल्या महिन्यात मराठीत काही वाचायला मिळावे म्हणून मी रात्र रात्र शोधत बसे, आणि हाती लागे ते एकतर ‘महिलांनो, जागरूक राहा’ या छापाचे, नाहीतर थेट कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्याचे. कर्करोग झालेला नाही, पण गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी बिघडू लागल्या आहेत, अशा मधल्या अवस्थेतून गेलेल्या एखाद्या बाईने काय केले, किती दिवस वाट पाहिली, कुठे किती पैसे भरले, हे मला तेव्हा सापडले नाही. म्हणून आता स्वतःच लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. नाशिकमधील एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. त्यामुळे तारखा आणि पावत्या मात्र नीट लावून ठेवलेल्या आहेत.

४ मार्च २०२३, शनिवार. संस्थेने कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य तपासणी ठेवली होती. रक्त, लघवी, ईसीजी यांच्या खाली अर्जावर ‘पॅप स्मिअर (ऐच्छिक)’, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, अशी एक चौकट होती. मी ४२ वर्षांची, दोन बाळंतपणे झालेली, आणि मला कसलाही त्रास नव्हता. पांढरे जास्त जाणे नाही, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे नाही, संबंधानंतर डाग नाहीत. चौकटीवर खूण केली ती केवळ पैसे पडणार नव्हते म्हणून. तपासणी दोन मिनिटांत उरकली. सिस्टरांनी एक छोटा ब्रश आत फिरवला, तो द्रावण भरलेल्या बाटलीत झटकला आणि बाटलीवर माझे नाव चिकटवले. थोडे अवघडल्यासारखे झाले, दुखले असे म्हणता येणार नाही.

अहवाल १३ मार्चला आला. बाकीच्या रकान्यांत सारे ठीक होते आणि पॅपपुढे ‘एएससी-यूएस’ अशी अक्षरे होती. याचा साधा अर्थ असा की, पेशी नेहमीसारख्या दिसत नाहीत, पण त्यावरून काही ठरवताही येत नाही. असा अहवाल पुष्कळ जणींना येतो आणि त्यातल्या बहुतेकींना पुढे काहीही निघत नाही, हे मला नंतर समजले. त्या दिवशी मात्र ‘असामान्य’ या एकाच शब्दाने संध्याकाळचा कुकर तीन शिट्ट्यांऐवजी सात शिट्ट्यांपर्यंत गेला.

पुढची पायरी एचपीव्हीची डीएनए चाचणी. इथे एक उपयोगी गोष्ट कळली. नमुना द्रावणाच्या बाटलीत घेतलेला असेल, तर उरलेल्या द्रावणातून हीच चाचणी करता येते आणि पुन्हा टेबलावर झोपावे लागत नाही. मात्र बाटल्या फार दिवस ठेवत नाहीत, त्यामुळे अहवाल हाती येताच विचारावे. मी विचारले, बाटली शिल्लक होती, आणि २,२०० रुपये भरून चाचणी सांगितली. मध्ये २२ मार्चचा गुढीपाडवा गेला. गुढी उभारली, कडुनिंबाचा पाला खाल्ला, आणि दिवसभर फोन पालथा घालून ठेवला.

२७ मार्चला अहवाल घ्यायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने भरलेल्या हॉलमध्ये मोठ्याने विचारले, “एचपीव्हीवाल्या कोण आहेत?” शेजारी बसलेल्या आजींनी पदर नाकाशी धरून खुर्ची थोडी सरकवली. त्यांनी एचआयव्ही असे ऐकले होते. पुढे माझ्या घरीही एकदा हीच गल्लत झाली. दोन्ही विषाणू सर्वस्वी वेगळे आहेत, एवढे सांगण्याचे धैर्य त्या क्षणी मला झाले नाही; लिफाफा घेऊन मी जिना उतरले. त्यात लिहिले होते : प्रकार १६, पॉझिटिव्ह.

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यातले साधारण चौदा धोक्याचे मानले जातात, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के केवळ १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतो, आणि बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. काही जणींच्या बाबतीत तो चिवटपणे टिकतो, वर्षानुवर्षे राहतो, आणि मग पेशी हळूहळू बिघडतात. हे सारे २९ मार्चला स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितले (फी ७०० रुपये), पण माझ्या डोक्यात ‘लैंगिक संबंध’ हे दोनच शब्द घोळत राहिले.

आमच्या लग्नाला तेव्हा सतरा वर्षे झाली होती. त्या रात्री मी नवऱ्याला अहवाल दाखवला आणि आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलो. त्याच्या मनात आले ते त्याने विचारले नाही, माझ्या मनात आले ते मीही विचारले नाही, आणि तो अबोला चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी आम्ही दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितले, “हा विषाणू शरीरात कित्येक वर्षे गप्प राहू शकतो. तो कधी आला आणि कुणाकडून कुणाला आला, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली अशी चाचणीही नाही. तुम्ही एकमेकांना विचारत बसाल तर उत्तर मिळणार नाही, भांडण तेवढे मिळेल.” परतताना नवऱ्याने रस्त्यात उसाचा रस घेतला आणि माझा ग्लास बर्फाशिवाय सांगितला. मला बर्फ चालत नाही, हे त्याच्या लक्षात होते. आमच्या घरात समेट साधारण असाच होतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी ही भेट जोडीने घ्यावी, आणि चार दिवस न थांबता घ्यावी, असे मला वाटते.

प्रकार १६ असल्यामुळे पॅपमध्ये फारसे काही नसले तरी कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहण्याची तपासणी, करायला सांगितली होती. त्यासाठी १२ एप्रिलची तारीख मिळाली. पाळी सुरू असताना ही तपासणी करत नाहीत, आणि आधीचे दोन दिवस संबंध किंवा योनिमार्गात ठेवायची औषधे टाळायची असतात. तारीख घेतानाच हे विचारून घ्यावे, नाहीतर हेलपाटा होतो. कॉल्पोस्कोप हे उपकरण शरीरात जात नाही. ती बाहेर स्टँडवर उभी असलेली दुर्बीण असते आणि आत जातो तो नेहमीचा स्पेक्युलम, योनिमार्ग उघडा ठेवणारे साधन. समोरच्या पडद्यावर मला माझे गर्भाशयमुख दिसले : गुलाबी, ओले, मधोमध बारीक छिद्र. डॉक्टरांनी त्यावर व्हिनेगरसारखे सौम्य ॲसेटिक ॲसिड लावले. थोडे चुरचुरले. मिनिटभरात त्या गुलाबी भागाच्या वरच्या अर्ध्या बाजूला, घड्याळाच्या अकरापासून दोनपर्यंत, पांढरट डाग उमटू लागला. दुधावर साय धरावी तसा तो आधी पातळ होता, मग दाट झाला आणि त्याची कडही स्पष्ट दिसू लागली. त्यानंतर आयोडिन लावले. निरोगी पेशींमध्ये साखरेचा साठा असतो, त्यामुळे त्या गडद तपकिरी झाल्या. तो डाग मात्र मोहरीसारखा पिवळाच राहिला.

“दोन तुकडे घेते हं, खोकला एकदा,” असे डॉक्टर म्हणाल्या. मी खोकले आणि त्याच क्षणी चिमटा बसला. दुसऱ्या तुकड्याच्या वेळी खोकण्याचा काही उपयोग झाला नाही, कारण आता मला माहीत होते. पाळीतल्या कळेसारखी एक कळ आली आणि गेली. दोन दिवस थोडे डाग पडले, बाकी काही नाही. कॉल्पोस्कोपी व बायोप्सी ४,५०० रुपये, तुकड्यांची तपासणी १,६०० रुपये.

२१ एप्रिलला अहवाल आला : हाय-ग्रेड बदल, सीआयएन २ ते ३. सीआयएन म्हणजे गर्भाशयमुखाच्या आवरणातले कर्करोगपूर्व बदल. आवरणाच्या जाडीपैकी खालचा एक तृतीयांश भाग बिघडलेला असेल तर १, दोन तृतीयांशापर्यंत असेल तर २, आणि त्याहून अधिक किंवा पूर्ण जाडी असेल तर ३. पहिल्या पायरीवरचे बदल बहुधा आपोआप मागे जातात आणि त्यांवर लक्ष ठेवणे पुरते. तिसऱ्या पायरीवरचे बदल उपचार न करता तसेच सोडले, तर तीस वर्षांत सुमारे तीस टक्के स्त्रियांना कर्करोग होतो. ही माहिती ज्या मार्गाने मिळाली तो क्लेशकारक आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६०च्या दशकापासून काही स्त्रियांना उपचार न देता नुसते निरीक्षणाखाली ठेवले गेले होते. त्या आकड्याचा दिलासा वाटावा की भीती, हे मला कळेना. पण एक गोष्ट पक्की झाली. माझ्या हातात नुसते दिवस नव्हते. आठवडे होते, शांतपणे ठरवता येईल इतके.

हे लिहायचे आणखी एक कारण २४ एप्रिलची भेट. त्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टर बाहेरगावी होत्या आणि त्यांच्या जागी बसलेल्या डॉक्टरांनी अहवाल वाचून दीड मिनिटात सांगितले, “ताई, दोन मुलं झाली आहेत, आता पिशवीचं काय काम? काढून टाका, कटकट संपेल.” शुक्रवारची तारीखही सुचवली. मी जवळजवळ हो म्हटले होते. आपल्याकडे ‘पिशवी काढणे’ हे दात काढण्याइतके सहज बोलले जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या किती मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या, याची २०१९ साली राज्यभर चर्चा झाली आणि शासनाला समिती नेमावी लागली, तरीही. मला अडवले ते कुठल्या तत्त्वाने नव्हे. पुढच्याच आठवड्यात लेकीची वार्षिक परीक्षा होती आणि शुक्रवार जमणार नव्हता, इतकेच.

त्या दोन दिवसांत आईला फोन केला. माझे माहेर धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. आईला तोवर काहीच सांगितलेले नव्हते. मी चाचरत ‘तपासणी’, ‘व्हिनेगर’, ‘पांढरा डाग’ असे काहीतरी बोलत होते, आणि ती पलीकडून शांतपणे म्हणाली, “अगं, ती तर माझी गावातच झालीय. तू कॉलेजात होतीस. बाया आल्या होत्या, नाव लिहून नेलं, आंबट वासाचं पाणी लावलं अन् सांगितलं की काही नाही. कार्ड पण दिलं होतं.”

मी नंतर वाचले, तेव्हा आईचे ‘आंबट पाणी’ काय होते ते समजले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक फार मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांनुसार चार गट केले : एकाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणे, आणि चौथ्याला नेहमीची सेवा. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा असे दिसले की एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. ‘चाचणी आधी एचपीव्हीची करा’ असे आज जगभर सांगितले जाते, त्यामागच्या पुराव्यात आमच्या भागातल्या बायकांचा एवढा मोठा वाटा आहे. आई तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. मी पदवीधर, शहरात राहणारी, हातात स्मार्टफोन असलेली बाई. माझीही पहिली तपासणी बेचाळिसाव्या वर्षीच झाली, आणि तीही एका ऐच्छिक चौकटीमुळे. आईपुढे हे कबूल करताना मला ओशाळल्यासारखे झाले.

दुसरे मत पुण्यात घ्यायचे ठरले, ३ मे रोजी, स्त्रियांच्या कर्करोगावरच काम करणाऱ्या डॉक्टरांकडे (फी १,२०० रुपये). त्यांच्या कार्यालयातून फोनवर सांगितले होते, “नुसता अहवाल आणू नका, स्लाइड आणि ब्लॉक आणा.” ब्लॉक म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेत अर्ज, आधार कार्डाची प्रत आणि ५०० रुपये दिल्यावर दोन दिवसांनी त्यांनी एक छोटी प्लास्टिकची जाळीदार डबी हाती दिली. तिच्या एका बाजूला पांढऱ्या मेणाची वडी, आणि त्या मेणात तांदळाच्या कणीएवढे दोन तपकिरी ठिपके. ती माझी बायोप्सी. काठावर पेन्सिलीने क्रमांक लिहिलेला. एवढ्याशा कणीवरून शुक्रवारी पिशवी काढायला निघाले होते. ‘काम झाल्यावर ब्लॉक परत करणे’ अशी पावतीवर ओळ होती. मे महिन्याचा उन्हाळा होता. गाडीत बंद काचेआड ब्लॉक ठेवू नका, मेण मऊ पडते, असे तिथल्या मुलाने बजावले, म्हणून मी ती डबी रुमालात गुंडाळून, जेवणाच्या डब्यापासून दूर, पर्समध्ये धरून एसटीने पुण्याला गेले.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला पंचवीस मिनिटे दिली. गर्भपिशवी का काढायची नाही, याची त्यांनी दिलेली कारणे मी डायरीत उतरवली आहेत. पहिले, बिघाड गर्भाशयमुखाच्या पृष्ठभागावर काही मिलिमीटरमध्ये आहे. तेवढा भाग काढणे पुरते. दुसरे, आत कुठे कर्करोगाची सुरुवात झालेली असलीच, तर साधी पिशवी काढणे ही चुकीची शस्त्रक्रिया ठरते, म्हणून आधी तो पूर्ण भाग काढून तपासला पाहिजे. तिसरे, पिशवी काढली तरी विषाणू योनिमार्गात राहू शकतो, त्यामुळे तपासण्या चुकत नाहीतच. ब्लॉकची पुन्हा तपासणी आणि पी१६ नावाच्या प्रथिनाची चाचणी मिळून ३,८०० रुपये लागले. ११ मे रोजी उत्तर आले : सीआयएन ३, कर्करोग नाही. उपचार : लीप. विजेने तापणाऱ्या बारीक तारेच्या फाशाने बिघडलेला भाग कापून काढायचा.

माझी पाळी १४ मेला आली, म्हणून तारीख २४ मे ठरली. तारखेबद्दल हिशेबनीस म्हणून एक सांगते. माझ्या समूह विम्यात रुग्णालयात दाखल होण्याआधीच्या तीस दिवसांचा आणि नंतरच्या साठ दिवसांचा खर्च मिळतो. २४ मेपासून मागे तीस दिवस मोजले की २४ एप्रिल येते. म्हणजे दीड मिनिटात पिशवी काढायला सांगणाऱ्या भेटीचे ७०० रुपये विम्यात बसले, आणि खरे निदान करणारी कॉल्पोस्कोपी, बायोप्सी व एचपीव्ही चाचणी बसली नाही. आपल्या पॉलिसीतला हा कालावधी आधीच पाहून ठेवावा. पुढच्या पायऱ्या वैद्यकीयदृष्ट्या पुढे-मागे करण्यासारख्या असतील, तर डॉक्टरांना विचारता येते.

कार्यालयात तीन दिवसांची रजा टाकली आणि कारणात ‘किरकोळ शस्त्रक्रिया’ असे लिहिले. साहेबांनी “कसली?” असे विचारले. “बायकांची,” एवढे उत्तर पुरले.

लीपला भूल जागेपुरती होती. गर्भाशयमुखात सुई टोचल्यावर मिनिटभर छाती धडधडू लागली आणि हात कापले. त्या औषधात रक्तस्राव कमी करणारे ॲड्रिनॅलिन असते, त्यामुळे असे होते आणि ते लगेच ओसरते. हे आधी सांगितलेले नसते, तर मी टेबलावरून उठून पळाले असते. मांडीला एक थंडगार पॅड चिकटवला होता. धूर ओढणाऱ्या नळीचा व्हॅक्युम क्लीनरसारखा आवाज सुरू झाला आणि केस जळल्यासारखा वास आला. दुखले नाही, आत कुणीतरी काहीतरी करते आहे, एवढेच जाणवत होते. सारे वीस मिनिटांच्या आत संपले. रक्त थांबवणारी पिवळट-तपकिरी पेस्ट लावली, दोन तास झोपवून ठेवले आणि संध्याकाळी घरी सोडले. मी त्या दिवशी पुण्यातच मावसबहिणीकडे मुक्काम केला. लगेच चार-पाच तासांचा प्रवास करू नये. एकूण बिल, काढलेल्या भागाच्या तपासणीसह, ३६,४०० रुपये.

पुढचे चार आठवडे संबंध नाही, पोहणे नाही, जड उचलणे नाही. जड म्हणजे काय, तर पाण्याने भरलेली बादलीही. पहिले काही दिवस काळसर, कॉफीच्या गाळासारखे जाते. ते त्या पेस्टचे अवशेष असतात, घाबरू नये. नंतर पाण्यासारखा स्राव येतो. खपली आठव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास सुटते आणि तेव्हा पुन्हा रक्त दिसू शकते. माझ्या बाबतीत तो दहावा दिवस नेमका ३ जून, वटपौर्णिमेचा होता. सकाळी लाल रक्त पाहून मी मटकन खाली बसले. फोनवर सांगितलेला नियम असा : तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, गाठी पडत असतील, ताप किंवा दुर्गंधी असेल तर ताबडतोब या, नाहीतर पडून राहा. दुपारपर्यंत ते कमी झाले. सासूबाईंनी “पाळी आली का?” असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता वडाची एक फांदी घरीच आणून कुंडीत खोचली. फांदी तोडून पूजा करणे मला एरवी पटत नाही, पण त्या दिवशी मी वाद घातला नाही.

आदल्या दिवशी, २ जूनला, अहवाल आलेला होता : सीआयएन ३, सर्व कडा स्वच्छ, कर्करोग नाही. ‘कडा स्वच्छ’ म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत बिघाड पोहोचलेला नाही. या दोन शब्दांसाठी मी नऊ दिवस नीट झोपले नव्हते.

विम्याची कागदपत्रे १२ जूनला दिली आणि ३ जुलैला हरकत आली. बायोप्सीच्या मूळ अहवालावर माझे वय ४२ ऐवजी २४ छापलेले होते आणि नवऱ्याचे नाव मधून गळले होते, त्यामुळे ‘रुग्ण हीच विमाधारक आहे, याची खात्री होत नाही’. प्रयोगशाळेत तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला संगणक बंद, दुसऱ्या खेपेला सही करणारे डॉक्टर रजेवर, तिसऱ्या खेपेला दुरुस्त अहवाल आणि शिक्क्यासह पत्र मिळाले. अहवाल हाती घेताच निदान वाचण्याआधी वरचे नाव, वय आणि क्रमांक वाचावा. मला ते जमले नव्हते, कुणालाच जमत नसावे, पण संध्याकाळपर्यंत तरी वाचावा. पैसे २१ ऑगस्टला जमा झाले. एकूण खर्च ५१,६०० रुपये, विम्यातून मिळाले ३८,९५०, खिशातून गेले १२,६५०. एसटीची तिकिटे वेगळी.

जूनमध्येच लेकीला, तेव्हा ती बारा वर्षांची होती, लसीचा पहिला डोस दिला आणि डिसेंबरमध्ये दुसरा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस त्याच वर्षी बाजारात आली होती, एका डोसला २,००० रुपये. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षांच्या आत सुरुवात केली तर दोन डोस पुरत, नंतर तीन लागत. झालेला संसर्ग लस बरा करत नाही, म्हणून ती विषाणूशी गाठ पडण्याआधी द्यायची. “पण मला कशाला?” असे तिने विचारले, तेव्हा मी माझी फाइल तिच्यापुढे ठेवली आणि तिने विचारले तेवढे सांगितले.

सहा महिन्यांनी, ४ डिसेंबर २०२३ रोजी, पहिली फेरतपासणी होती. त्या वेळी आईलाही सोबत नेले. वय ६४, आणि आयुष्यात ती एकच तपासणी झालेली. मी तिला धीर द्यायची तयारी करून गेले होते. ती लुगडे आवरून टेबलावर चढली आणि सिस्टरांना म्हणाली, “बाई, ते आंबट पाणी नाही का लावत आता?” दोघींचेही अहवाल आठवड्याने निगेटिव्ह आले.

त्यानंतर डिसेंबर २०२४ आणि आता डिसेंबर २०२५. सीआयएन ३ साठी उपचार झालेल्या बाईने सुरुवातीच्या तीन तपासण्या ठीक आल्यावर दर तीन वर्षांनी, निदान पंचवीस वर्षे, तपासत राहायचे असते. म्हणजे मला सदुसष्टाव्या वर्षापर्यंत. पुढची तारीख डिसेंबर २०२८.

फाइल नीट लावताना मागच्या कप्प्यात ब्लॉक सापडला. पुण्याहून तो मला कधीच परत मिळालेला होता आणि मी तो विसरले होते. गेल्या शनिवारी तो प्रयोगशाळेत नेऊन दिला. काउंटरवर आता दुसरा मुलगा आहे. त्याने डबी उलटीसुलटी करून पेन्सिलीचा क्रमांक वाचला, वहीत ‘परत’ असे लिहिले, उशीर झाला म्हणून थोडा बोलला, आणि सही करायला पेन पुढे केले.